सगळ्यात शेवटी कोण जेवतं?



चौथीच्या वर्गाला मी दरवर्षी निबंधासाठी दोन विषय देतो. एक, 'आमच्याकडे पाहुणे आले' आणि दुसरा, 'आम्ही हॉटेलात जेवायला गेलो'. खाण्याचा विषय म्हटला की मुलं भरभरून लिहितात. एरवी चार ओळींत गुंडाळणारं मूलही पापड किती होते, गुलाबजाम कुणी जास्त घेतले, हे सगळं लिहून काढतं. एरवी हे दोन निबंध वेगवेगळ्या महिन्यांत होतात. यंदा एकाच आठवड्यात झाले आणि वह्याही एकाच रात्री तपासायला बसलो. त्यामुळे एक गोष्ट लक्षात आली, जी इतकी वर्षं माझ्या नजरेतून सुटली होती. ती तुमच्यापुढे ठेवतो, आणि त्यातून वर्गात जो पाठ घेतला तोही सांगतो. पाठ सोपा आहे, साहित्य काहीच लागत नाही. मात्र तो घेताना आपल्याच घराकडे बघावं लागतं, हे आधीच सांगून ठेवतो.

दोन वह्या

पाहुण्यांच्या निबंधात मुलांनी काय लिहिलं होतं? मामा आले, काका आले. बाबांनी बाजारातून श्रीखंड आणलं. आईनं पुऱ्या केल्या. आम्ही सगळे जेवलो. मग पाहुण्यांनी मला खाऊला पैसे दिले. साधारण असंच सगळ्यांचं. 'आम्ही सगळे जेवलो' हे वाक्य जवळपास प्रत्येक वहीत होतं.

हॉटेलच्या निबंधात एका मुलीनं शेवटी लिहिलं होतं, "मला हॉटेलात सगळ्यात जास्त आवडतं ते म्हणजे आई माझ्या शेजारी बसून जेवते."

लाल पेन हातात होतं. शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती, तरी मला त्या वाक्यापुढे जाता येईना. मी तिचीच पाहुण्यांची वही काढली. तिथंही होतं, 'आम्ही सगळे जेवलो.' मग त्या 'सगळे'मध्ये आई होती का?

दुसऱ्या दिवशी वर्गात सहज विचारलं, "पाहुणे आले तेव्हा तुमच्या पंगतीला कोण कोण बसलं होतं? नावं सांगा." मुलांनी बोटं मोडत नावं सांगितली. आजोबा, बाबा, मामा, दादा, मी, ताई. मी विचारलं, "आणि आई?" एक मुलगा अगदी सहज म्हणाला, "सर, आई वाढत होती ना!" जणू मीच काहीतरी वेड्यासारखं विचारलं होतं. मग विचारलं, "आई कधी जेवली?" वर्ग गप्प. एकजण म्हणाला, "नंतर." दुसरा म्हणाला, "मी खेळायला गेलो होतो, मला माहीत नाही."

पुरी गरम होती का, श्रीखंडात केशर होतं का, हे मुलांना नेमकं आठवत होतं. आई कधी जेवली, हे आठवत नव्हतं. कारण ते कुणी पाहिलंच नव्हतं.

माझ्याच घरातलं ताट

मुलांना हसण्याचं कारण नव्हतं. त्याच्या आधीच्याच रविवारी माझे डी.एड.चे दोन मित्र कुटुंबासह घरी आले होते. पुरणपोळीचा बेत होता. माझी पत्नीही नोकरी करते. तिनं शनिवारी रात्री पुरण शिजवून वाटून ठेवलं, रविवारी सकाळपासून कणीक तिंबली. दुपारी आम्ही बसलो. तव्यावरची पोळी थेट ताटात पडत होती, वर तुपाची धार. मित्र म्हणाले, "वहिनी, तुम्हीपण बसा ना." ती आतून म्हणाली, "होऊ द्या तुमचं सावकाश." मीही म्हणालो, "होऊ द्या." आणि आणखी एक पोळी घेतली.

आता तुम्ही मला विचारा, ती कधी जेवली? मला सांगता येणार नाही. एवढंच आठवतं, की नंतर पाणी प्यायला आत गेलो तेव्हा ती ओट्यापाशी उभ्यानं खात होती. कटाची आमटी संपली होती. तव्यावर फुटलेल्या दोन पोळ्या तिनं स्वतःसाठी बाजूला ठेवल्या होत्या. चांगल्या पोळ्या पाहुण्यांना, फुटक्या स्वतःला. मी पाणी पिऊन पुन्हा गप्पांत जाऊन बसलो.

वह्या वाचल्या त्या रात्री हे आठवलं आणि वाईट वाटलं. मी काही दुष्ट माणूस नाही. मित्रही नाहीत. पत्नीनंही तक्रार केली नव्हती. पण कुणीच वाईट वागलं नाही आणि तरीही एक माणूस सणाच्या दिवशी उभ्यानं फुटकी पोळी खातं, हे मुलं रोज बघतात. न शिकवता शिकतात. पाठ्यपुस्तकात समतेचा धडा असतो, तो आपण तासभर शिकवतो. घरातला धडा मात्र दिवसातून दोनदा होतो.

हा फक्त मायेचा प्रश्न आहे का?

'आईला आवडतं सगळ्यांना खाऊ घालायला,' असं आपण म्हणतो. ते खोटंही नाही. स्वतःच्या हातचं कुणी मागून घेतलं की करणाऱ्याला समाधान वाटतंच. पण दोन आकडे बघा.

२०१९ साली देशात वेळेच्या वापराचं सर्वेक्षण झालं. सहा वर्षं आणि त्यापुढच्या माणसांना विचारलं, की दिवसभरातला वेळ कशात जातो. घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रियांचे त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जात होती. असं काम करणाऱ्या पुरुषांची ९७ मिनिटं. ही तुलना घरकाम करणाऱ्या पुरुषांशी आहे. जे मुळीच करत नाहीत, ते यात धरलेलेच नाहीत.

दुसरा आकडा राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचा, २०१९ ते २०२१ या काळातला. १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांमध्ये रक्तक्षयाचं प्रमाण देशभरात ५७ टक्के आढळलं, त्याच वयाच्या पुरुषांमध्ये २५ टक्के. रक्तक्षयाची कारणं अनेक असतात. पाळी, बाळंतपण, जंत, आहारातल्या लोहाची कमतरता. शेवटी जेवल्यामुळेच तो होतो असं मी म्हणणार नाही. पण ज्या घरात भाजी, डाळ मोजकीच असते, तिथं शेवटच्या ताटात काय उरतं, याचा विचार केला तर हा प्रश्न नुसत्या मायेचा राहत नाही.

आता याच्या शेजारी आपल्या शाळेतलं ताट ठेवा. शालेय पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या प्रत्येक मुलामागे १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल धरलेलं असतं. त्यातून ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळावीत असा हिशेब आहे. कुणाचं मूल, मुलगा की मुलगी, पहिल्या रांगेतलं की शेवटच्या, यावर माप बदलत नाही. खिचडी कधी पातळ होते, कधी तिखट होते. पण शेवटी बसणाऱ्याच्या वाट्याचंही आधीच मोजलेलं असतं. घरात आपण ते मोजत नाही.

एक जुना शब्द : पंक्तिप्रपंच

या पाठासाठी मराठीत एक चपखल शब्द तयारच आहे, तो मुलांना जरूर शिकवा. एकाच पंगतीत बसलेल्यांना वाढताना भेदभाव करणं, म्हणजे एकाच्या भातावर तुपाची धार आणि दुसऱ्याच्या भातावर नुसता थेंब, याला 'पंक्तिप्रपंच' म्हणतात. आपल्याकडे हा मोठा दोष मानला जायचा. वाढप्याचा हात सगळ्यांना सारखा चालला पाहिजे, हा पंगतीचा नियम होता.

पण नियम होता म्हणून तो सगळीकडे पाळला गेला असं नाही. पंगतीत कुणाला बसू द्यायचं, यावरच आपल्या समाजात शतकानुशतकं भेद होता. म्हणून तर सुधारकांना सहभोजनं घडवून आणावी लागली. समतानंद अनंत हरी गद्रे यांनी झुणका-भाकरीची सहभोजनं केली. पक्वान्न नाही, साधा झुणका आणि भाकरी. पण सगळ्या जातींची माणसं शेजारी शेजारी बसून जेवणार, हे महत्त्वाचं. सप्ताहाच्या शेवटी वारकऱ्यांचा काला होतो, तिथंही लाह्या, दही, सगळं एकत्र कालवून एकमेकांना दिलं जातं. कोण कुणाशेजारी बसून जेवतं, या प्रश्नावर महाराष्ट्रानं खूप विचार केलेला आहे. मला वाटलं, तोच प्रश्न उंबरठ्याच्या आतही विचारावा. वाढणारीच पंगतीत नसेल, तर तोही एक पंक्तिप्रपंचच नाही का?

आधी माझी चूक

पाठ सांगण्याआधी एक चूक कबूल करतो, म्हणजे तुमच्याकडून होणार नाही.

हॉटेलच्या निबंधात एका मुलानं फक्त शीर्षक लिहून पान कोरं ठेवलं होतं. मी त्याला 'अपूर्ण' असा शेरा दिला होता. नंतर जवळ बसवून विचारलं. तो म्हणाला, "सर, आम्ही कधी हॉटेलात गेलो नाही." मग थोडा थांबून म्हणाला, "आई जाते. रोज. खानावळीत चपात्या लाटायला."

मी शेरा खोडला. ज्या विषयावर लिहायला आधी घरात पैसे असावे लागतात, तो विषय सगळ्या वर्गाला देऊ नये, हे मला इतक्या वर्षांनी कळलं. तसंच, प्रत्येक मुलाच्या घरी आईच रांधते असंही नाही. कुणाकडे आजी करते, कुणाकडे मोठी बहीण, कुणाकडे वडील. म्हणून वर्गात बोलताना मी 'आई' हा शब्द बदलून 'जे करतं ते' असा शब्दप्रयोग ठेवला. आणि निबंधाचा नवा विषय दिला, 'सगळ्यांनी एकत्र बसून जेवलेलं एक जेवण'. त्या मुलानं यात्रेतल्या रात्रीवर लिहिलं. बैलगाडीच्या आडोशाला कांदा फोडून खाल्लेली भाकरी, आणि आई बाजूला. पान पुरलं नाही, मागच्या पानावर गेला.

आता पाठ. मी तो चार तासांत घेतला.

तास पहिला : ताट वाढूया

फळ्यावर मोठं गोल ताट काढा. मुलांना एकेक पदार्थ सांगायला लावा आणि तो कुठं वाढायचा हे त्यांच्याकडूनच काढून घ्या. वर मधोमध मीठ. डाव्या हाताला लिंबाची फोड, चटणी, लोणचं, कोशिंबीर. उजव्या हाताला भाजी, आमटीची वाटी. मधे भात, त्यावर वरण, वर तूप.

मग विचारा, असं का बरं? मुलं छान उत्तरं देतात. चटणी-लोणचं थोडं थोडं, अधूनमधून घ्यायचं, म्हणून ते एका बाजूला. भाजी-आमटी घासागणिक लागते, म्हणून ती उजव्या हाताजवळ. डावं-उजवं, तोंडीलावणं, पातळभाजी, साधं वरण, वाढप, खरकटं असे कितीतरी शब्द या एका ताटातून मिळतात. आज घरी थाळ्यात एकदम सगळं घेऊन खायची सवय झाल्यानं बरीच मुलं हे शब्द ऐकतच नाहीत.

शेवटी 'डावं-उजवं करणं' हा वाक्प्रचार सांगा. ताटात डावं-उजवं हवं, माणसांत नको. एवढं एक वाक्य मुलांना पक्कं लक्षात राहतं.

तास दुसरा : हॉटेलचं बिल

हा गणिताचा तास. फळ्यावर एक काल्पनिक बिल लिहा. मी लिहिलेलं असं होतं :

मिसळ ४, दर ८० रुपये : ३२० रुपये
कोथिंबीर वडी २ प्लेट, दर ६० रुपये : १२० रुपये
ताक ४ ग्लास, दर २५ रुपये : १०० रुपये
एकूण : ५४० रुपये

साध्या, स्वतंत्र हॉटेलात जिथं बिलावर जीएसटी लागतो, तिथं तो ५ टक्के असतो. बिलावर तो दोन ओळींत दिसतो, केंद्राचा अडीच टक्के आणि राज्याचा अडीच टक्के. म्हणजे १३ रुपये ५० पैसे अधिक १३ रुपये ५० पैसे, एकूण २७ रुपये. देय रक्कम ५६७ रुपये. मुलांना हे करायला खूप आवडतं, कारण हा खराखुरा कागद असतो.

जाता जाता दोन गोष्टी सांगता येतात. खाद्यपदार्थांच्या परवान्याचा १४ अंकी क्रमांक बिलावर छापणं बंधनकारक आहे, तो शोधायला लावा. आणि बिलात 'सेवा शुल्क' अशी वेगळी ओळ असेल तर ते देणं ग्राहकाच्या मर्जीवर असतं, ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं २०२२ साली तशी मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. पालकहो, हे तुमच्याही उपयोगाचं आहे.

आता खरा प्रश्न. हीच मिसळ घरी केली तर बिल किती होईल? मुलं दुकानातून मटकी, पाव, फरसाण, कांदे, तेल यांचे भाव विचारून येतात. बेरीज बरीच कमी येते. सगळे खूश होतात, "सर, घरी स्वस्त!" मग त्यांना कामांची यादी करायला सांगा. आदल्या दिवशी मटकी निवडून भिजवणं, उपसून फडक्यात बांधून मोड आणणं, कांदा-खोबरं भाजून वाटणं, कट करणं, कांदा-कोथिंबीर चिरणं, पाव आणणं, वाढणं, भांडी घासणं, ओटा पुसणं. प्रत्येक कामापुढे अंदाजे वेळ लिहायला लावा आणि कोण करतं तेही.

आमच्या वर्गात ही यादी झाल्यावर एका मुलीनं विचारलं, "सर, घरच्या बिलात ही ओळ कुठं लिहायची?" मी खडू तिच्या हातात दिला. तिनं बिलाखाली लिहिलं, 'करणाऱ्याचे कष्ट', आणि पुढे रकमेची जागा मोकळी ठेवली.

तास तिसरा : बेत ठरवूया

हा तास मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. नुसतं 'आईला मदत करा' असं सांगून काही होत नाही. मुलं एक दिवस ताटं घेतात आणि विसरतात. प्रश्न बेताचा असतो, हे मला या तासात मुलांबरोबरच कळलं.

फळ्यावर दोन रकाने करा. पहिल्यात असे पदार्थ, ज्यांच्यासाठी पंगत चालू असताना कुणालातरी गॅसपाशी उभं राहावंच लागतं. पुऱ्या, पुरणपोळी, गरम भाकरी, फुलके, घावन, डोसे, भजी. दुसऱ्यात असे पदार्थ, जे आधी करून झाकून ठेवता येतात आणि मग सगळ्यांना एकदम बसता येतं. मसालेभात आणि कढी, मिसळ, पावभाजी, बिर्याणी, पिठलं आणि आधी करून दुरडीत ठेवलेल्या भाकऱ्या, इडली-सांबार, थालीपिठाऐवजी तिखटमिठाचा सांजा, दहीभात.

आपल्याकडे पाहुणचार म्हणजे 'गरमागरम' हे समीकरण घट्ट बसलेलं आहे. ताटातली पोळी संपायच्या आत दुसरी आली पाहिजे. त्या गरम पोळीची किंमत म्हणजे एक माणूस पंगतीबाहेर. हे एकदा दिसलं की पुढचं सोपं होतं. पाहुणे आले की दुसऱ्या रकान्यातला बेत करावा. पुरणपोळीच हवी असेल तर सकाळी करून, तूप लावून, फडक्यात गुंडाळून ठेवाव्यात. पोळी थोडी कमी गरम असेल, पण करणारीही पाहुण्यांशी दोन गोष्टी बोलू शकेल. पुऱ्या टाळता येत नसतील तर तव्या-कढईपाशी पाळी लावावी. पहिला घाणा बाबांनी, दुसरा मोठ्या दादानं काढायचा. चौथीतल्या मुलांना मात्र कढईपासून लांबच ठेवा. पाणी, ताटं, मीठ-लिंबू, कोशिंबीर, ताक ही त्यांची खाती.

माप चुकेल अशी भीती वाटणाऱ्या वडिलांसाठी एक सांगतो. कमलाबाई ओगले यांचं 'रुचिरा' हे १९७० साली आलेलं पुस्तक पिढ्यान्‌पिढ्या वापरलं गेलं, त्याचं एक कारण त्यातली वाटी-चमच्याची मापं. ज्याला वाटी मोजता येते, त्याला पिठलं येऊ शकतं. मी शिकलो. पहिल्यांदा गुठळ्या झाल्या, दुसऱ्यांदा कमी झाल्या.

तास चौथा : घरचं हॉटेल

हा गृहपाठ, रविवारसाठी. मुलांनी घरात 'हॉटेल' चालवायचं. दुसऱ्या रकान्यातले तीन-चारच पदार्थ घेऊन कागदावर छोटं मेन्यूकार्ड करायचं. जी व्यक्ती रोज रांधते तिला पाहुणा म्हणून आधी बसवायचं, तिची ऑर्डर घ्यायची. मोठ्यांनी करायचं, मुलांनी वाढायचं. आणि मग सगळ्यांनी एकत्र बसायचं. तीन नियम :

१. पहिलं ताट रोज शेवटी जेवणाऱ्याचं.
२. त्या व्यक्तीनं जेवताना उठायचं नाही. काही हवं असेल तर मागायचं.
३. आग्रह एकदाच करायचा. ताटात टाकलेलं अन्न शेवटी मोजायचं.

तिसरा नियम का, तर आग्रहाची आपली पद्धत गोड असली तरी त्यातून ताटं अर्धी राहतात. 'नको' म्हटल्यावर थांबणं, हेही मुलांनी पंगतीतच शिकावं.

ज्यांच्याकडे वेगळं काही करणं शक्य नाही, त्यांनी रोजचीच भाजी-भाकरी घ्यायची. बेत महत्त्वाचा नाही, बसणं महत्त्वाचं, हे मी दोनदा बजावून सांगितलं.

सोमवारी काय झालं

सगळं छान पार पडलं असं सांगितलं तर तुमचा विश्वास बसणार नाही, आणि बसूही नये. काही मुलांनी काहीच केलं नव्हतं. एका घरात आजी रागावल्या, "घरातली बाई आधी जेवली तर घराची रीत काय राहिली?" एका वडिलांनी मला बाजारात गाठून विचारलं, "सर, हे शिकवायला आम्ही पोरं पाठवतो का?" मी त्यांना बिलाचं गणित दाखवलं. ते म्हणाले, "गणित ठीक आहे." बाकीचं त्यांना पटलं की नाही, माहीत नाही.

एका आईचा अनुभव मुलीनं लिहून आणला होता. आई बसली, पण सारखी उठायला बघायची. मुलगी हात धरून बसवायची. शेवटी आई म्हणाली, "अगं, मला उभ्यानंच जेवायची सवय झालीय, बसलं की घास उतरत नाही." मुलीनं पुढे लिहिलं होतं, "मग मी आईला हळूहळू जेव म्हणाले."

खानावळीत चपात्या लाटणाऱ्या त्या माउलीला रविवारी सुट्टी नसते. मुलानं सोमवारी रात्री ती आल्यावर ताट वाढलं. भात आणि आमटी. आमटी आजोबांनी केली होती. त्यानं मेन्यूकार्डही केलं होतं, त्यावर दोनच पदार्थ आणि पुढे किंमत, शून्य रुपये. ते कार्ड आईनं दुमडून पाकिटात ठेवलं, असं त्यानं मला सांगितलं.

आणि माझ्या घरी? मी पत्नीला विचारलं, तू त्या रविवारी कधी जेवलीस? ती म्हणाली, "आज का विचारताय?" मी म्हणालो, "वर्गात गृहपाठ आहे." ती हसली. म्हणाली, "सव्वातीनला. आणि तुम्ही पाणी प्यायला आला होतात." म्हणजे मी पाहिलं होतं हे तिनंही पाहिलं होतं. पुढच्या महिन्यात तेच मित्र पुन्हा आले. मसालेभात, कढी, काकडीची कोशिंबीर. मसालेभात मी केला, थोडा गिच्च झाला. सहाजण एकदम बसलो. मित्राची पत्नी म्हणाली, "किती वर्षांनी आपण एवढं बोललो!" तेव्हा लक्षात आलं, की इतकी वर्षं पाहुणे फक्त माझ्याकडेच येत होते.

तुमच्यासाठी

हॉटेलात जरूर जा. मुलांना मेन्यूकार्ड वाचू द्या, ऑर्डर देऊ द्या, वाढणाऱ्या काकांना 'धन्यवाद' म्हणायला शिकवा, बिल तपासू द्या. घरी पाहुणेही बोलवा. माणसं येण्याजाण्यानं मुलांना बोलणं, वाढणं, विचारपूस करणं येतं, ते कुठल्याही शिबिरात येत नाही. फक्त एक करा. 'आम्ही सगळे जेवलो' हे वाक्य वहीत आलं, की मुलाला विचारा, सगळे म्हणजे कोण कोण?

शिक्षकांनो, हा पाठ तुमच्या वर्गात घेतलात तर मुलांनी काय लिहिलं ते जरूर कळवा. तुमच्या भागातले पदार्थ दोन रकान्यांत कसे बसतात, तेही वाचायला आवडेल. कोकणात, विदर्भात, खानदेशात याद्या नक्कीच वेगळ्या होतील.

आणि पालकहो, तुम्हाला गृहपाठ आजच्या रात्रीचा. जेवणं झाल्यावर एकदा आत डोकावून बघा, शेवटचं ताट कुणाचं आहे आणि त्यात काय आहे. उद्या ते ताट आपल्या ताटांबरोबरच मांडा.